चार मिलिसेकंदांचा नाद

भांड्याला टिचकी मारली की ते धड आहे की तडकलेलं, हे कानाला लगेच कळतं. धड भांडं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. कृष्णविवराला टिचकी मारली तर? तिथे टिचकी मारायला पृष्ठभागच नाही. घटना क्षितिज म्हणजे कवच नव्हे. ती फक्त एक सीमा, जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही. तरीही कृष्णविवर वाजतं. ते कसं वाजेल, हे प्रत्यक्ष नाद टिपला जाण्याच्या 45 वर्षं आधी कागदावर उतरलं होतं.

सुरुवात झाली एका शंकेतून. 1916 साली कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं गोलाकार वस्तुमानासाठी सोडवली. कृष्णविवर दडलं होतं ते याच उत्तरात. पण समीकरणाला उत्तर मिळालं म्हणून निसर्गात तशी वस्तू टिकेलच असं नाही. टोकावर उभी केलेली पेन्सिलही गणितात तोल सांभाळते, प्रत्यक्षात मात्र झुळुकीने पडते. कृष्णविवरही तसंच असेल तर? 1957 मध्ये टुलिओ रेज्जे आणि जॉन व्हीलर यांनी ही तपासणी हाती घेतली. पुढे सी. व्ही. विश्वेश्वर या तरुण भारतीय संशोधकाने मेरिलँड विद्यापीठात चार्ल्स मिझनर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करताना दाखवलं, की न फिरणारं कृष्णविवर लहानशा धक्क्याने मोडत नाही.

मोडत नाही, मग धक्क्याचं होतं काय? 1970 मध्ये विश्वेश्वरांनी संगणकाच्या मदतीने गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश-काळातल्या तरंगांचा, झोत कृष्णविवराकडे सोडून पाहिला. झोत रुंद असताना विशेष काही दिसेना. तो अरुंद करत करत कृष्णविवराच्या आकाराइतका आणल्यावर, परतणाऱ्या लहरीच्या शेपटीत झपाट्याने विरत जाणारी कंपनं उमटली. झोत आणखी बदलला, कंपनं तीच राहिली. म्हणजे ती झोताची नव्हती. कृष्णविवराची स्वतःची होती. या साऱ्या संशोधनातला हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कंपतं तरी काय? कृष्णविवराभोवतीचा वाकलेला अवकाश-काळ. न फिरणाऱ्या कृष्णविवरात क्षितिजाच्या दीडपट त्रिज्येवर प्रकाशसुद्धा गोल फिरू शकतो. लहरी तिथे क्षणभर घोटाळतात, मग काही आत पडतात, काही बाहेर निसटतात. दोन्हीकडून गळती, म्हणून नाद फार टिकत नाही. चांगली घंटा एका ठोक्यात शेकडो कंपनं करते, कृष्णविवर एकदोन कंपनांतच शांत होतं. सूर्याच्या 10 पट वस्तुमानाचं, न फिरणारं कृष्णविवर सेकंदाला सुमारे 1200 कंपनांच्या पट्टीत वाजेल, पण अर्ध्या मिलिसेकंदात ओसरू लागेल. वस्तुमान वाढलं की पट्टी खाली उतरते. 10 लाख सूर्यांच्या वस्तुमानाला एका कंपनासाठी 80 सेकंदांहून अधिक वेळ लागतो.

आता खरी परीक्षा. 1963 साली रॉय केर यांनी फिरणाऱ्या कृष्णविवराचं उत्तर शोधलं. विद्युतभार नसेल, तर असं कृष्णविवर दोनच संख्यांनी पूर्ण ठरतं: वस्तुमान आणि फिरकी. ते कशापासून बनलं, याची खूण बाहेर उरत नाही. म्हणजे त्याचे सगळे स्वरही याच दोन संख्यांनी बांधलेले. एका स्वराची पट्टी आणि विरण्याचा वेग मोजला की दोन्ही संख्या हाती येतात. मग दुसरा स्वर ऐकण्याआधीच सांगता यायला हवा. तो जुळला नाही, तर समोरची वस्तू केर यांचं कृष्णविवर नाही, किंवा आइन्स्टाइनच्या सिद्धांतालाच कुठेतरी तडा आहे.

14 सप्टेंबर 2015 रोजी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या शोधयंत्रांनी सुमारे 36 आणि 29 सूर्यांइतक्या वस्तुमानांच्या दोन कृष्णविवरांचं विलीनीकरण टिपलं. उरलेलं 62 सूर्यांचं कृष्णविवर सेकंदाला साधारण 250 कंपनांच्या पट्टीत वाजलं आणि चारेक मिलिसेकंदांत मंदावलं. पण दुसरा स्वर निःशंकपणे वेगळा काढण्याइतका संकेत स्पष्ट नव्हता. त्यावर पुढे बराच वाद झाला. 14 जानेवारी 2025 ला जवळपास तशाच जोडीचा, पण कितीतरी स्वच्छ संकेत आला. त्यात दोन स्वर ओळखता आले आणि ते केर यांच्या गणिताशी जुळले. कृष्णविवरांच्या क्षितिजांचं एकूण क्षेत्रफळ कधीच घटत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांचं 1971 चं प्रमेयही त्याच संकेतावर तपासलं गेलं: आधीचं एकत्रित क्षेत्रफळ सुमारे 2.4 लाख चौरस किलोमीटर, नंतरचं सुमारे 4 लाख.

विश्वेश्वरांनी दाखवलेलं स्थैर्य लहान धक्क्यांपुरतं, ढोबळ गणितातलं होतं. फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी आइन्स्टाइनची समीकरणं पूर्णपणे घेऊन केलेली सिद्धता 2022 मध्ये एलेना ज्योर्जी, सर्गियू क्लायनरमन आणि जेरेमी शेफ्टेल यांनी मांडली, शेकडो पानांची, आणि तीही अगदी मंद फिरणाऱ्यांपुरतीच. 2015 ला ऐकू आलेल्या कृष्णविवराची फिरकी कमाल मर्यादेच्या सुमारे दोन-तृतीयांश होती. ते त्या सिद्धतेच्या कक्षेत बसत नाही.