तुमच्या जुन्या संगणकावर डेबियन : डेस्कटॉपबद्दल चार गोष्टी

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि तेव्हापासून आमच्या दुकानात बरेच जुने लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांची रांग वाढली आहे. मशीन धडधाकट असतं, पण विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. अशा मशीनवर आम्ही बहुतेक वेळा विंडोजऐवजी डेबियन १३ (लिनक्सचा एक फुकट मिळणारा प्रकार) आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंचा चित्रमय पडदा, बसवून देतो. काम करून घेण्याआधी आणि मशीन घरी नेल्यावर हा कागद वाचा.

आधी नकार. टॅलीवर हिशेब ठेवत असाल, किंवा जीएसटीसाठी यूएसबी टोकनवाली डिजिटल सही वापरत असाल, तर त्या मशीनला हात लावू नका. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे आणि टोकनचं जमवणं फार कटकटीचं असतं. डीटीपीवाल्यांनीही थांबावं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखाच वाचता येणारा, नसतो, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. इंटरनेट, ईमेल, मुलांचा अभ्यास, लिब्रेऑफिसमधली पत्रं, दुकानाची यादी एवढंच काम असेल तर खुशाल या.

डेस्कटॉप म्हणजे संगणक नव्हे

विंडोजमध्ये चित्रमय पडदा आणि आतली यंत्रणा एकजीव असतात. इथे तसं नाही. खाली लिनक्सचा गाभा असतो, तो काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांतही व्यवस्थित चालतो. त्यावर एक्स नावाचा थर बसतो. तो पडद्यावर चित्र काढतो, माउस-कीबोर्डकडे लक्ष ठेवतो. हा एक्स एमआयटीत १९८४ साली जन्मला, म्हणजे आमच्या दुकानातल्या बऱ्याच पोरांपेक्षा वयाने मोठा. त्याच्यावर एक्सएफसीई : खिडक्यांच्या चौकटी, खालची-वरची पट्टी, मेनू, आणि फायली बघायला थुनार. सगळ्यात पुढे दारवान, म्हणजे तुमचं नाव-पासवर्ड विचारणारा लाइटडीएम.

याचा उपयोग असा की वरचा मजला पडला तरी तळमजला शाबूत राहतो. पडदा काळा झाला म्हणजे फायली गेल्या, असं समजून रडू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकदम दाबा. 'लॉगिन' असा शब्द आला तर मशीन जिवंत आहे. परत यायला कंट्रोल, ऑल्ट, एफ७.

या काळ्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. "कीबोर्ड बिघडला" असे फोन आम्हाला यावरूनच येतात. बिनधास्त टाइप करा आणि एंटर दाबा.

स्वतः बसवणार असाल तर

आम्हाला राग नाही, उलट आवडतं. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग एक्सएफसीईची लाइव्ह पेनड्राइव्ह (काही न बसवता थेट तिच्यावरूनच डेबियन चालतं) लावून मशीन चालवून बघा : वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं, कॅमेरा. हार्ड डिस्कला धक्काही लागत नाही. मशीन ३२ बिटचं, म्हणजे फारच जुन्या प्रोसेसरचं, असेल तर इथेच अडेल, कारण डेबियन १३ ला त्याचा इन्स्टॉलर नाही.

साध्या इन्स्टॉलरमध्ये शेवटाकडे डेस्कटॉप निवडायची यादी येते. तिथे खूण स्पेसबारने करायची. एंटर मारलात की तो पुढेच निघतो आणि ज्यावर आधीपासून खूण आहे तेच बसतं, म्हणजे ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप. ग्नोम देखणा आहे, पण ४ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझर उघडला की धापा टाकतो. त्याची खूण काढून एक्सएफसीईवर करा. सगळ्याच खुणा काढल्यात तर मशीन नुसत्या अक्षरांत उघडेल. घाबरू नका, डेस्कटॉप नंतरही चढवता येतो. रूट, म्हणजे मशीनचा मुख्य कारभारी, त्याच्या पासवर्डची जागा रिकामी सोडलीत तर तुमच्याच खात्याला कारभाराचे अधिकार मिळतात. घरच्या मशीनला ते सोयीचं.

खरं सांगायचं तर कुठल्याही डेस्कटॉपपेक्षा जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकल्याने जास्त फरक पडतो.

मराठी

सेटिंगमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट, 'इंडियन' खाली मराठीचे दोन प्रकार : इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कगप. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी सरकारने ठरवलेली अक्षरांची मांडणी, शिकलेल्यांनी पहिला घ्यावा. मेनू इंग्रजीच ठेवा, असं आमचं मत. मराठी निवडलं की अर्धे मेनू मराठी, अर्धे इंग्रजी राहतात आणि फोनवर समजावणं दोघांनाही जड जातं.

फोन करण्याआधी

लाइटडीएम बहुतेक वेळा नावांची यादी दाखवत नाही. आम्ही दिलेल्या कार्डावरचं नाव टाइप करा, सगळं लहान अक्षरांत.

पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर लुकलुकतो आणि पुन्हा लॉगिनच? नव्वद टक्के वेळा नाही म्हणत, पण आधी डिस्क भरलीय का तेच बघायचं. डिस्क गच्च झाली की एक्सला आपली छोटी फाइल लिहायला जागा उरत नाही. मागच्या पावसाळ्यात एका काकांनी मोबाइलमधले सगळे लग्नाचे व्हिडिओ उतरवले आणि हेच झालं. एफ२ च्या काळ्या पडद्यावरून दोन व्हिडिओ काढले, मशीन चालू. काढण्याआधी मोबाइलवर शिल्लक आहेत ना, तेवढं मात्र विचारून घेतलं.

फोन करताना मशीनसमोर बसा आणि पडद्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवा. फोटो पाठवलात तर आणखी चांगलं.