डाकूपट

गावात अन्याय झालेला माणूस बंदूक घेऊन रानात जातो, टोळी जमवतो आणि शेवटी गावाच्या, घराच्या किंवा सरकारच्या गोळीला बळी पडतो, असा ठरलेला सांगाडा असलेला हिंदी चित्रपटांचा प्रकार. भरघोस मिशा, कपाळावर टिळा, छातीवर काडतुसांचा पट्टा, घोड्यांच्या टापा आणि तळावरचा नाच या त्याच्या वरवरच्या खुणा. दरोडा त्यात बहुधा निमित्तापुरताच असतो. गावात निवाडा कोणी करायचा आणि दोषी आपल्याच घरातला निघाला तर शिक्षा कोणी द्यायची, या दोन प्रश्नांवर उत्तम डाकूपट उभे आहेत.

या चित्रपटांची कल्पित भूमी म्हणजे चंबळचे खोरे. मध्य प्रदेशातील भिंड व मुरैना, राजस्थानातील धौलपूर आणि उत्तर प्रदेशातील आग्रा-इटावा या पट्ट्यात पावसाने माती कापून खोल घळी तयार झाल्या आहेत. त्यांना तिकडे ‘बीहड’ म्हणतात. यातला भिंड-मुरैनाचा भाग स्वातंत्र्यापूर्वी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होता. घळीत शिरलेला माणूस स्वतःला डाकू म्हणवून घेत नाही, तो ‘बागी’, म्हणजे बंडखोर. बंडाचे कारण पुष्कळदा जमिनीचा बांध, भाऊबंदकी किंवा खुनाचा सूड असे. 1955 साली मारला गेलेला मानसिंह हाही गावातल्या वैरातूनच बागी झाला होता आणि त्याच्या टोळीत त्याचे भाऊ व मुलगे होते. कुटुंब आणि टोळी यांची ही सरमिसळ पटकथाकारांना आयती मिळाली.

डाकूपटाचा पाया मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’ने (1957) घातला, जरी त्याला कोणी निव्वळ डाकूपट म्हणणार नाही. त्यातला गावन्याय पाहण्यासारखा आहे. नायिका राधा हिच्या लग्नासाठी काढलेल्या पाचशे रुपयांच्या कर्जाचा वाद गावातल्या वडीलधाऱ्यांपुढे येतो आणि निकाल सुखीलाला सावकाराच्या बाजूने लागतो: व्याजापोटी तीन-चतुर्थांश पीक त्याचे. पंच दुष्ट नाहीत, पण कागद सावकाराचा आहे आणि तो वाचताही त्यालाच येतो. राधाचा धाकटा मुलगा बिरजू मोठेपणी त्या वह्याच जाळतो. इथवर प्रेक्षक बिरजूच्या बाजूने असतो. पण तो सावकाराच्या मुलीला लग्नातून पळवू लागतो, तेव्हा आई राधा स्वतः बंदूक उचलते. सावकाराची मुलगी ही गावाची मुलगी, हा तिचा हिशेब. मेहबूब यांनी हीच कथा 1940 साली ‘औरत’ या नावाने आधी केली होती. दोन्ही वेळा सुखीलाला कन्हैयालालच होते, आणि दुसऱ्या वेळी तर त्यांचा चेहरा सावकारीचे चिन्हच होऊन बसला.

दिलीपकुमार यांची निर्मिती आणि नितीन बोस यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘गंगा जमना’त (1961) आईच्या जागी भाऊ आला. थोरला गंगा खोट्या आळात तुरुंगात जातो आणि पुढे डाकू होतो. त्याच्याच कष्टांवर शिकलेला धाकटा जमना पोलीस अधिकारी होतो. शेवटची गोळी धाकट्याची. चित्रपटाचे संवाद खडी बोलीत, म्हणजे प्रमाण हिंदीत, न ठेवता अवधी वळणाच्या पूरबी बोलीत ठेवले गेले, हे त्या काळी मोठे धाडस होते. दोन भाऊ, एक कायद्याकडे आणि एक कायद्याबाहेर, ही जोडी त्यानंतर हिंदी पडद्याने इतकी वापरली की मूळ नमुन्याची तीव्रता आज पटकन जाणवत नाही.

चित्रपटांबाहेरही याच सुमारास एक वेगळा निवाडा घडत होता. मानसिंहाचा मुलगा तहसीलदारसिंह फाशीची शिक्षा होऊन नैनीच्या तुरुंगात होता. त्याने विनोबा भावे यांना पत्र लिहिले. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेले, भूदानासाठी पायी फिरणारे विनोबा मे 1960 मध्ये चंबळच्या गावांतून चालत गेले आणि लोकमनसह वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पोलिसांना ते फारसे रुचले नाही. 1972 साली जयप्रकाश नारायण यांच्यापुढे शरण आलेल्यांत माधोसिंह, मोहरसिंह अशी मोठी नावे होती. डाकूंचे मन वळते, या कल्पनेवर राज कपूर यांचा ‘जिस देश में गंगा बहती है’ (1960) बेतला होता. सुनील दत्त यांनी तर ‘मुझे जीने दो’चे (1963) चित्रीकरण पोलीस बंदोबस्तात थेट चंबळमध्येच केले.

सत्तरच्या दशकात या प्रकाराचे तोंड फिरले. राज खोसला यांच्या ‘मेरा गाँव मेरा देश’मधला (1971) जब्बारसिंह आणि ‘शोले’तला (1975) गब्बरसिंह यांच्यावर कोणी अन्याय केल्याचे दिसत नाही. बंडखोर गेला, खलनायक उरला. आणि गावाच्या रक्षणासाठी बाहेरून भाडोत्री माणसे आणावी लागली. गब्बरचे नाव मात्र खऱ्या डाकूचे: भिंडकडचा गब्बर लोकांची नाके कापत असे आणि 1959 साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. तेव्हा मध्य प्रदेश पोलिसांचे नेतृत्व करणारे के. एफ. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीचे. चंबळशी ‘शोले’चा संबंध एवढाच, त्याचे रामगढ कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत वसवले होते. त्यात मराठी प्रेक्षकाला ओळखीचे दोन चेहरे भेटतात, गब्बरच्या हातून मरणारा कालिया म्हणजे विजू खोटे आणि कोवळा अहमद म्हणजे सचिन.

‘शोले’च्या मूळ शेवटात हात नसलेला ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने ते मान्य केले नाही. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेणे चालणार नव्हते. म्हणून ऐन वेळी पोलीस येतात. वर्षानुवर्षे लोकांनी पाहिला तो हा बदललेला शेवट. निवाडा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर इथे सरकारनेच लिहून दिले.

महाराष्ट्रात चंबळसारखी डाकूभूमी नव्हती, पण बंडखोराची कथा होती. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (1959) या कादंबरीचा नायक दुष्काळात उपाशी माणसांसाठी लूट करतो. तिथे गावाची भूक आणि इंग्रजी राज्य समोरासमोर आहेत, आणि जातीचा प्रश्न उघड आहे. हिंदी डाकूपटांनी जातीचे नाव घेणे बराच काळ टाळले. ते टाळता येईना ते शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’मध्ये (1994). चंबळच्या खोऱ्यातली डाकू फूलनदेवी हिच्या आयुष्यावरचा हा चित्रपट. तिचे पहिले भांडण चुलत्याच्या घराशी, जमिनीवरून होते. पुढे उत्तर प्रदेशातल्या बेहमई गावात 1981 साली हत्याकांड झाले, त्याचा आरोप तिच्या टोळीवर होता. आपल्या आयुष्याचे हे चित्रण फूलनदेवीला मान्य नव्हते आणि ती न्यायालयात गेली.

याच चित्रपटासाठी नट निवडण्याचे काम केलेल्या तिग्मांशू धुलिया यांनी पुढे ‘पानसिंह तोमर’ (2012) केला. पानसिंह हा स्टीपलचेस या अडथळ्यांच्या लांब शर्यतीतला राष्ट्रीय विजेता आणि सैन्यातला माणूस. निवृत्तीनंतर गावी परतल्यावर नातलगांशी जमिनीवरून वाद झाला, त्यातून तो बीहडात गेला आणि 1981 साली चकमकीत मारला गेला. चित्रपटात तो तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जातो आणि आपली पदके ठाणेदारापुढे मांडतो. ठाणेदार ती भिरकावून देतो.