आयईएलटीएस रीडिंग: क्लास लावण्याआधी हे वाचा

विद्यार्थी आणि पालकहो,

आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिक्षण, नोकरी किंवा स्थलांतरासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा, आणि रीडिंग हा तिचा वाचनाचा पेपर. आमच्याकडे मराठी माध्यमातून शिकलेली मुलं बरीच येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, व्होकॅब्युलरी कच्ची आहे, कोणतं पुस्तक पाठ करू?" शब्द हवेतच. पण ॲकॅडमिक, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठीच्या प्रकारात, रीडिंगचे मार्क बहुतेक वेळा शब्दांपायी जात नाहीत.

पेपरात 3 उतारे, 40 प्रश्न आणि 60 मिनिटं. कागदावरच्या लिसनिंगमध्ये उत्तरं उतरवून घ्यायला शेवटी 10 मिनिटं वेगळी मिळतात, रीडिंगला ती नाहीत. म्हणून उत्तर सापडलं की तिथल्या तिथे उत्तरपत्रिकेवर लिहा. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' या प्रश्नांत. समजा, उताऱ्यात एवढंच आहे: 'ठिबक सिंचन आल्यावर तालुक्यात द्राक्षाची लागवड वाढली.' विधान आलं, 'लागवड घटली', तर ते फॉल्स, कारण उतारा उलट सांगतो. विधान आलं, 'द्राक्षामुळे शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं', तर तासगावचा मुलगा हमखास ट्रू लिहितो. घरची बाग त्याने पाहिलेली असते! पण उताऱ्यात उत्पन्नाबद्दल अक्षरही नाही, म्हणून उत्तर नॉट गिव्हन. हुशार, माहीतगार मुलंच इथे जास्त फसतात, हे आम्ही वर्गात सारखं पाहतो. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक उत्तरासमोर उताऱ्यातली ओळ दाखवावी लागते. ओळ दाखवता आली नाही, तर बरोबर आलेलं उत्तरही आम्ही धरत नाही.

दुसरी सवय म्हणजे प्रत्येक वाक्य मनात मराठीत उतरवत वाचणं. त्याने वेळ दुप्पट जातो. आधी प्रश्न वाचा, त्यातली नावं, आकडे, साल डोक्यात ठेवा आणि मग उताऱ्यात ती जागा शोधा. मात्र प्रश्नातला शब्द उताऱ्यात तसाच्या तसा क्वचितच सापडतो, बहुधा तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत असते. पाठांतरापेक्षा हे ओळखण्याचा सराव उपयोगी पडतो.

गाळलेल्या जागांत 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी सूचना असेल आणि तुम्ही तीन लिहिले, तर उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तरी मार्क गेला. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही स्पेलिंग चालतात.

पालक बँडचं, म्हणजे 9 पैकी मिळणाऱ्या गुणांकाचं, विचारतात. ॲकॅडमिकमध्ये 40 पैकी साधारण 23 बरोबर आले तर 6 आणि 30 आले तर 7. जनरल ट्रेनिंग, म्हणजे मुख्यतः नोकरी किंवा स्थलांतरासाठीचा दुसरा प्रकार, त्याचे उतारे सोपे असतात, पण तिथे 7 साठी 34 च्या आसपास लागतात. त्यामुळे कोणती परीक्षा द्यायची, हे विद्यापीठाला किंवा व्हिसासाठी काय चालतं ते पाहूनच ठरवा.

प्रवेशाआधी आम्ही 60 मिनिटांची एक चाचणी विनाशुल्क घेतो आणि तपासलेला पेपर समोर ठेवून बोलतो. येताना पेन्सिल, खोडरबर आणि मनगटी घड्याळ आणा. मोबाईल बाहेर ठेवावा लागेल.