निक्स की नेट्स? न्यूयॉर्कच्या मॅचचं तिकीट काढताना आधी हे बघा

आधी आमची फजिती सांगतो. न्यू जर्सीत एडिसनला ताईकडे गेलो होतो, भाच्याला बास्केटबॉलची मॅच दाखवायचं कबूल केलेलं, म्हणून फोनवर तिकिटं काढली. स्क्रीनवर होतं ‘निक्स ॲट नेट्स’. निक्सचं नाव पहिलं म्हणजे मॅच निक्सच्या घरी, असं मी धरूनच चाललो, आपल्याला क्रिकेटची सवय ना, भारत विरुद्ध इंग्लंड म्हटलं की यजमान बहुतेक आधी. तिकडे नेमकं उलटं असतं. पाहुणा आधी, मग ‘ॲट’, मग घरवाला. खाली बारीक अक्षरात ब्रुकलिन लिहिलेलं होतं पण ते कोण वाचतंय.

एडिसनहून ट्रेनने मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला उतरलो, निक्सचं स्टेडियम त्याच्याच वर, वर आलो, समोर निळ्या जर्सीवाल्यांची ही मोठी लाइन, निक्सचा रंग निळाच असतो म्हणून आम्हीपण घुसलो. वीसेक मिनिटांनी भाचा म्हणतो, “मामा, हे लोक हॉकीला चाललेत.” बघतो तर जर्सीवर रेंजर्स. निक्सचीच बिल्डिंग, बर्फावरच्या हॉकीची टीमपण तिथलीच, आणि तीपण निळी! मग २ नंबरची सबवे पकडून ब्रुकलिन, पोचेपर्यंत पहिला क्वार्टर संपलेला.

तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगत असतो की न्यूयॉर्कच्या दोन टीम आहेत, दोन्ही एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या बास्केटबॉल लीगमधल्या, दोघींची नावं न ने सुरू होतात, आणि बाकी त्यांच्यात फारसं काही सारखं नाही.

निक्स हे वाड्यात राहणारं घराणं. जन्म १९४६चा, पूर्ण नाव निकरबॉकर्स, म्हणजे जुन्या डच वस्तीवाल्यांना पडलेलं नाव. १ नोव्हेंबर १९४६ला टोरांटोत त्यांनी ६८-६६ अशी मॅच जिंकली, ती एनबीएच्या इतिहासातली पहिली मॅच धरतात. तेव्हापासून शहर बदललं नाही, नाव बदललं नाही, आणि घराचं नावपण तेच, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जिथे ना बाग आहे ना ते मॅडिसन स्क्वेअरवर आहे, १८७९ची पहिली बिल्डिंग तिथे होती म्हणून नाव चिकटलं. आत्ताची चौथी, १९६८ची, थेट पेन स्टेशनच्या डोक्यावर. ह्या बिल्डिंगमधली सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे ८ मे १९७०, फायनलची सातवी म्हणजे निर्णायक मॅच, निक्सचा कॅप्टन विलिस रीडचा पाय दुखावलेला, तो खेळणार नाही असंच सगळे धरून बसलेले, आणि तो लंगडत बाहेर आला, पहिले दोन शॉट टाकले, बास, एवढंच केलं त्याने. खरी मॅच जिंकून दिली वॉल्ट फ्रेझरने, ३६ पॉइंट आणि १९ असिस्ट (बास्केट करायला दिलेले पास), पण आठवण रीडची निघते. १९७३ला परत जिंकले आणि मग जो दुष्काळ पडला, तो त्यांचा पुढचा स्टार पॅट्रिक युइंगलापण हटवता आला नाही. १९९४ला फायनलला जाऊन हरले, १९९९ला परत तेच. तरी तिकिटं महागच!

नेट्सची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती भाडेकरूची आहे. १९६७ला एबीए नावाची दुसरी लीग निघाली, तिच्यात ही टीम न्यू जर्सी अमेरिकन्स म्हणून आली, खेळायची टीनेकच्या एका आर्मरीत, म्हणजे लष्कराच्या कवायतीच्या हॉलमध्ये. पहिल्याच सीझनला प्लेऑफमध्ये जायचं की नाही हे एका मॅचवर ठरणार होतं, तर आर्मरीत त्या दिवशी सर्कस! मग लाँग आयलंडला कोमॅकचा हॉल धरला, तिथली फरशी इतकी खराब निघाली की मॅच झालीच नाही आणि ती प्रतिस्पर्ध्याला बहाल केली. (सर्कसने निक्सलापण सोडलं नव्हतं बरं का, १९५१ची फायनल गार्डन सर्कसला दिल्यामुळे त्यांना घरच्या मॅच न्यूयॉर्कमधल्या एका आर्मरीत खेळाव्या लागल्या.)

पुढच्या वर्षी टीम लाँग आयलंडलाच राहायला गेली आणि नाव झालं न्यूयॉर्क नेट्स, न्यूयॉर्कच्या बेसबॉलच्या मेट्स आणि अमेरिकन फुटबॉलच्या जेट्सला यमक जुळावं म्हणून. इथेच लोकांचा घोळ होतो, नेट्सचा स्टार ज्युलियस अर्व्हिंगचा म्हणजे डॉक्टर जे चा जुना फोटो बघतात, छातीवर न्यूयॉर्क, आणि सरळ निक्स म्हणून मोकळे. तो निक्सकडे कधीच नव्हता. त्याच्या जोरावर नेट्सनी १९७४ आणि १९७६ला एबीए जिंकली. मग लीग बंद पडली, नेट्स एनबीएत आले, तिथे यायची फी होतीच, वर निक्सला ४८ लाख डॉलर द्यायचे, का तर तुम्ही आमच्या हद्दीत खेळताय. एवढे पैसे कुठून आणणार, विकला डॉक्टर जे ला फिलाडेल्फियाला. म्हणजे जागेच्या भाड्यासाठी घरातलं सोनं मोडलं. निक्सला पैशांऐवजी तोच घ्या असंही सुचवलं होतं, ते नको म्हणाले. मी निक्सवाला असतो तर अजून कपाळ बडवून घेतलं असतं.

१९७७ला टीम परत न्यू जर्सीत. आणि हे कळल्यावर ताईच्या घरी सगळे उडालेच, पहिले चार सीझन नेट्स खेळले पिस्कॅटवेला, रटगर्स युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये! आज जिथे आपली एवढी पोरं एमएस करतात तिथे. १९८१पासून न्यू जर्सीतलंच मेडोलँड्स, मग २०१०पासून दोन वर्षं न्यूअर्क, आणि २०१२ला ब्रुकलिनचं बार्कलेज सेंटर, काळा-पांढरा ड्रेस, नवीन नाव. नंतर मोठे स्टार ड्युरँट, अर्व्हिंग (हा कायरी, तो ज्युलियस वेगळा) आणि हार्डन असे तिघे एका टीममध्ये आले, एकत्र मैदानात उतरले फक्त १६ मॅच, आणि पांगले.

आता प्रत्यक्ष जायचं तर. गार्डनला चढायचं असतं, कोर्ट पाचव्या मजल्यावर आहे, एस्कलेटरमागून एस्कलेटर. बार्कलेजला उतरायचं, रस्त्यावरून आत शिरलात की कोर्ट पायाखाली खड्ड्यात दिसतं. गार्डनमध्ये छताला टांगलेले पूल आहेत, त्यांच्यावर सीट्स असतात, तिथून बघायला मजा येते, पण त्या पुलाखालच्या मागच्या रांगेत बसलात तर मधला मोठा स्कोअरबोर्ड झाकला जातो, तेव्हा २००च्या सेक्शनमधलं स्वस्त तिकीट दिसलं तर रांग नंबर बघा. बार्कलेजची वरची गॅलरी इतकी उभी आहे की हातात नाचोज घेऊन उतरताना मी कठडा सोडला नाही. तिकीट मात्र बहुतेक वेळा इथे स्वस्त पडतं, विशेषतः आठवड्याच्या मधल्या दिवशी. दोन्हीकडे गाडी नेऊ नका, पार्किंगपेक्षा ट्रेन परवडते.

फरक कळतो तो आवाजात. गार्डनमध्ये टीम हरत असली तरी लोक आपल्याच टीमवर ओरडत असतात. ब्रुकलिनला त्या रात्री निम्मी गॅलरी निक्सच्या निळ्या-नारिंगी रंगात होती, ‘लेट्स गो निक्स’ इतक्या जोरात चाललं होतं की घरवाले कोण तेच समजेना. आणि आमचा भाचा, न्यू जर्सीत जन्मलेला, तोपण त्यांच्यातच.

घरी आलो तर दाजी जागे. ते न्यू जर्सीत आले तेव्हा स्टार खेळाडू जेसन किड नेट्सकडे होता, २००२ आणि २००३ लागोपाठ फायनल, दोन्ही हरले, दाजी तेव्हा ऑफिसमधून गाडी काढून मेडोलँड्सला जायचे. मी म्हटलं, दाजी, तुमच्या टीमची मॅच बघून आलो. त्यांनी कपाटातून न्यू जर्सी लिहिलेली नेट्सची टोपी काढून दाखवली आणि म्हणाले, “ही टीम कुठे खेळते ते सांग, तिकडे येतो.”