सहभागी वेब

सहभागी वेब : वाचणाऱ्याच्याच हाती लेखणी देणारे वेबचे रूप. ‘वेब २.०’ हे त्याचे दुसरे नाव २००४ पासून रूढ झाले. कल्पना त्याहून जुनी. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पाने वाचता येत, तशी संपादितही करता येत. पुढे गाजलेल्या ब्राउझरांतून ही सोय गळाली आणि वेब बहुतेकांसाठी नुसती वाचायची जागा उरली.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला (हवाईयन भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट). कोणीही पान बदलावे आणि बदल लगेच दिसावा, एवढीच त्यातली युक्ती. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने ती ज्ञानकोशाला लावली आणि छापील कोशाचा क्रमच उलटला. तिथे आधी तपासणी, मग प्रसिद्धी. इथे आधी प्रसिद्धी, मग तपासणी.

‘कोणीही लिहू शकतो’ याची चर्चा फार होते. पानाच्या डोक्यावरच्या ‘इतिहास’ या दुव्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तिथे प्रत्येक बदलाची वेळ, करणाऱ्याचे नाव, किती बाइट वाढले किंवा घटले, सारे नोंदलेले असते. खोडसाळ बदल एका क्लिकसरशी उलटवता येतो. बिघडवण्यापेक्षा दुरुस्त करणे सोपे, म्हणून हा कारभार चालतो. अर्थात, कोणाची नजर असेल तरच. २००५ मध्ये एका अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रनोंदीत घातलेला धादांत खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला होता. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवी पाने सुरू करण्यास बंदी झाली.

संशोधनात तपासणीचे काम पुनरावृत्ती करते. जुलै २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ या संकेतस्थळावर एकच दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह, गॅलेक्सी) अनेकांना दाखवली जाई आणि त्यांच्या मतांवरून तिचा आकार ठरे. पहिल्या वर्षात सुमारे दीड लाख लोकांनी पाच कोटींहून अधिक वर्गीकरणे केली. पण खरी गंमत चौकटीबाहेर घडली. हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेखाली निळसर डाग दिसला. दिलेल्या पर्यायांपैकी एकातही तो बसेना, म्हणून तिने विचारणा केली. तो प्रचंड वायुमेघ निघाला, शेजारच्या दीर्घिकेतील आता मंदावलेल्या क्वेसारने (दीर्घिकेच्या केंद्रातील अतितेजस्वी स्रोताने) उजळलेला. ‘हॅनीज व्होरवर्प’ म्हणजे ‘हॅनीची वस्तू’ हे त्याचे नाव आजही चालते. प्रथिनांच्या घड्या जुळवण्याच्या ‘फोल्डइट’ या संगणकीय खेळाच्या खेळाडूंनी २०११ मध्ये माकडांतील एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना सोडवण्यास हातभार लावला. ती दशकभर अडून होती.

सर्जनशील कामात प्रश्न चुकांचा नसून श्रेयाचा असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ मध्ये आले आणि ‘नाव द्या, मग खुशाल वापरा’ असे आगाऊ सांगण्याची सोय झाली. २००७ मध्ये खुल्या झालेल्या ‘स्क्रॅच’ या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या संकेतस्थळावर मुले एकमेकांचे खेळ उघडून आतली जुळणी पाहतात आणि त्यातून नवा खेळ करतात, मूळ कर्त्याचे नाव यंत्रणा आपोआप जोडते. तिथल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र वेगळेच आढळले. आपोआप उमटलेल्या नावाने मुलांचे फारसे समाधान होत नसे. खेळ घेणाऱ्याने स्वतः लिहून आभार मानले, तर ते त्यांना पुरेसे वाटे.