कातीव लाकडी वाडगे : घोटाई व झिलई

लेथवर (लाकूड गरागरा फिरवून हत्याराने घडवण्याच्या यंत्रावर) कातलेल्या लाकडी वाडग्यावरील हत्याराच्या खुणा घासून काढणे आणि मग त्याला तेल, मेण किंवा लाख देणे, या अखेरच्या कामांचा विचार या नोंदीत केला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात भाकरीचे पीठ मळायची काठवट सर्वपरिचित आहे. परंतु ती मुख्यतः वाकसाने (लाकूड तासण्याच्या हत्याराने) तासून करतात, म्हणून येथे घेतलेली नाही.

‘कातणे’ हे क्रियापद मराठीत सुताला आणि लाकडाला, दोन्हींना लागते. लाकूड कातणारा तो कातारी. संस्कृत क्रियापदांच्या मुळांची यादी असलेल्या धातुपाठात ‘कृती छेदने’ (कृन्तति, कापणे) आणि ‘कृती वेष्टने’ (कृणत्ति, गुंडाळणे) असे दोन धातू दिले आहेत. लेथवर लाकूड छेदले जाते, तेव्हा लाकडाचे कातणे पहिल्या धातूतून आणि सुताचे दुसऱ्यातून आले, असे मानण्याकडे सहज कल होतो. शेजारच्या कन्नडचा दाखला मात्र वेगळा आहे. तेथे ‘कडे’ या धातूचे ताक घुसळणे आणि लेथवर कातणे असे दोन्ही अर्थ होतात. तमिळ ‘कडै’चेही तसेच. म्हणजे नाव पडले ते कापण्यावरून नव्हे, घुसळण्यावरून. दोरीच्या जुन्या लेथवर लाकूड रवीसारखेच आळीपाळीने उलटसुलट फिरे, हे ध्यानात घेता मराठी शब्दाच्या मुळाशीही फिरण्याचाच अर्थ असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या भागातील कातकामाच्या प्राचीनतेसाठी उत्तरकालीन चालुक्य शैलीतील मंदिरांचे (सुमारे ११वे–१२वे शतक) गोल वळ्यांचे दगडी खांब पुढे केले जातात. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर (१२०४) त्याच परंपरेतले. मात्र असे खांब प्रत्यक्ष फिरवून कातले की छिन्नीने घडवून घोटले, यावर एकमत नाही. शिवाय दगडावरून लाकडी भांड्यांचा काळ ठरवणे धाडसाचे होईल.

घासताना फिरण्याची दिशा पुन्हा महत्त्वाची ठरते. वाडग्याचे लाकूड सहसा तंतू आसाला काटकोनात येतील असे बसवतात. त्यामुळे प्रत्येक फेरीत हत्यारापुढे दोनदा तंतूंची टोके येतात आणि दोनदा त्यांची कूस. टोकांकडचे तंतू उपटले जातात, आणि ओरखडे उरतात ते तिथेच. एकाच दिशेने फिरणाऱ्या विजेच्या लेथवर काचकागद तंतूंना कापण्याऐवजी निजवतो. दोरीच्या लेथवर उलट फेरीत ते आपोआप कापले जात. म्हणून सोय असेल तर लेथ उलटी फिरवावी, नसेल तर ती थांबवून ते दोन भाग हाताने घासावेत. काचकागदाच्या ८०, १२०, १८०, २४०, ३२० या क्रमात (आकडा वाढेल तसा कागद बारीक) मधला कागद गाळू नये. आधीच्या कागदाचे ओरखडे पुढच्याने पुरते निघायला हवेत. वेग व दाब बेताचा ठेवावा, कारण घर्षणाच्या उष्णतेने बारीक तडे जातात. शेवटी ओल्या फडक्याने पुसले की दबलेले तंतू उभे राहतात. वाळल्यावर पुन्हा हलका हात फिरवावा. सागाच्या तेलकटपणाने कागद लवकर भरतो. शिसवीची धूळ त्वचेला व श्वासाला बाधते, तेव्हा तोंडावर फडके हवेच.

ओले लाकूड वलयांच्या दिशेने जितके आटते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडे आटते. त्यामुळे गोल वाडगा लंबगोल होतो. म्हणून ३० सेंमी. व्यासाच्या वाडग्याची भिंत आधी सुमारे ३ सेंमी. जाड ठेवून तो सावलीत वाळवतात आणि मग पुन्हा कातून घासतात. पावसाळी कणकुंबीकडे वाळवलेले लाकूड कोरड्या अथणीत आणखी आटते, ही अडचण बेळगाव जिल्ह्याची.

लाख देण्याची रीत म्हणजे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबणे. घर्षणाने ती वितळून पसरते. कर्नाटकातील चन्नपट्टणात त्यावर केवड्याचे पान दाबून चकाकी आणतात. लाख ७५° से.च्या आसपास मऊ पडते, त्यामुळे गरम आमटीच्या वाडग्याला ती नको. त्यासाठी जवसाचे तेल चांगले. हवेतील ऑक्सिजनने ते घट्ट होते. घरोघरी असलेले शेंगतेल मात्र वाळत नाही, खवट होते. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून, पसरून उघड्यावर वाळवावीत.