टेलर यार्ड: विषारी मातीवर नदीकाठचं उद्यान

लॉस एंजेलिस शहराने २०१७ मध्ये सुमारे सहा कोटी डॉलर मोजून नदीकाठची ४२ एकर पडीक जमीन घेतली. मातीत शिसं आहे, आर्सेनिक आहे, डिझेल मुरलंय, हे ठाऊक असूनही घेतली. टेलर यार्ड नावाच्या जुन्या रेल्वे यार्डाचा हा ‘जी-२’ तुकडा. सदर्न पॅसिफिक रेल्वेने १९२० च्या दशकापासून इथे मालगाड्या लावल्या, इंजिनं दुरुस्त केली. मालगाड्यांचं काम १९८५ मध्ये थांबलं, दुरुस्तीचं पुढे २००६ पर्यंत चाललं.

एवढी किंमत मोजण्याचं कारण म्हणजे नदी. १९३८ च्या पुरानंतर लॉस एंजेलिस नदी काँक्रीटच्या नाल्यात बंद झाली. पण या टप्प्यात भूजल इतकं वर येतं, की तळाला काँक्रीट टिकलं नसतं. त्यामुळे इथला तळ मातीचाच राहिला; त्यात वाळुंज वाढतात, बगळे उतरतात. अशा जागी काठाला मोठी मोकळी जमीन मिळणं दाट वस्तीच्या शहरात जवळपास अशक्यच.

यार्डातली घाण एकजिनसी नसते, आणि नियोजन अवघड होतं ते इथेच. डिझेल आणि वंगणतेल मातीतले जिवाणू हळूहळू खातात. हवा आणि ओलावा मिळाला की वेग वाढतो. शिसं आणि आर्सेनिक मात्र मूलद्रव्यं आहेत, ती कुजत नाहीत. ती उचलून न्यायची, झाकायची किंवा जागीच घट्ट बांधून टाकायची, एवढेच मार्ग. यंत्रांचं ग्रीस काढायला वापरलेली सॉल्व्हंट पाण्याहून जड असल्याने खोल झिरपत भूजल गाठतात, आणि त्यांची वाफ उलट दिशेने वर येऊन एखाद्या इमारतीच्या फरशीखाली साठते. म्हणून आधी ठिकठिकाणी भोकं पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती, पाणी आणि मातीतली हवा तपासावी लागते.

मग प्रश्न येतो, साफ म्हणजे किती साफ? कॅलिफोर्नियात राहत्या जागेच्या मातीतल्या शिशासाठी तपासणीची पातळी एका किलोला ८० मिलिग्रॅम ठरवली गेली. कारखान्याच्या जागेसाठी ती कितीतरी सैल आहे. कारण साधं आहे: लहान मूल मातीत खेळतं, बोटं तोंडात घालतं, आणि शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. त्यामुळे जमीन कशाला वापरायची हे ठरल्याशिवाय सफाईचा आराखडा नीट करताच येत नाही.

आणि इथे नदीकाठच्या स्वप्नाची खरी अडचण उभी राहते. प्रदूषित मातीवर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वरून स्वच्छ मातीचा किंवा फरशीचा थर. या थराचा एक उद्देशच असतो पाणी आत जाऊ न देणं, म्हणजे विष खाली वाहून जात नाही. पाणथळ जागेला नेमकं उलट हवं: जमीन खोदून खाली न्यायची, पुराचं पाणी आत घ्यायचं, मुरवायचं. जिथे पाणी हवं तिथली माती काढून टाकावीच लागते, आणि ती भरलेले ट्रक शेजारच्या वस्तीतूनच जाणार. माझ्या मते आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच: कुठे खोदायचं, कुठे झाकायचं, आणि झाकलेल्या जागी कोणती झाडं लावायची, म्हणजे मुळं थर फोडणार नाहीत.

मातीचे ट्रक कमी व्हावेत म्हणून रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून स्थानिक झाडं आणि बुरशी यांचाही प्रयोग इथे झाला. काही बुरशी तेलाचे लांबलचक रेणू तोडतात; काही मुळांशी जोडी जमवून झाडाला धातू शोषायला मदत करतात. धातू झाडात आला की ते कापून न्यायचं, पण ती कापणीही मग घातक कचरा ठरू शकते. मला हा मार्ग फार आशादायक वाटतो, तरी तो वेळखाऊ आहे आणि मुळं पोचतात तेवढ्याच खोलीपर्यंत चालतो.

वेळेचा प्रश्न शेजाऱ्यांसाठी सोपा नाही. याच यार्डाच्या दुसऱ्या तुकड्यावर उद्योग येऊ नयेत म्हणून लोक कोर्टात गेले, आणि २००७ मध्ये तिथे रिओ दे लॉस एंजेलिस स्टेट पार्क उघडलं. तिथे मैदानं आहेत, पोरं फुटबॉल खेळतात. जी-२ साठी २०२० मध्ये शहर, राज्याचा उद्यान विभाग आणि एक संवर्धन प्राधिकरण एकत्र आले. सगळं साफ होईपर्यंत लोकांना कुंपणाबाहेर थांबवण्याऐवजी ‘पासेओ देल रिओ’ नावाची नदीलगतची पट्टी आधी तयार करायची, असं ठरलं. हा क्रम मला योग्य वाटतो, फक्त मागच्या भागातली धूळ तिथे उडणार नाही याची मोजणी काम चालू असेपर्यंत रोज व्हायला हवी आणि तिचे आकडे वस्तीतल्या लोकांना त्यांच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्येही, मिळायला हवेत.